आजीचं झाड, मोठेबाबांचं बोंड

वर्ध्यात ज्यांच्या घरी १९९८ ते २००४ या काळात पहिला कॉम्प्युटर आला, त्यांच्याकडे त्याची जागा बहुधा कूलरनंच ठरवली. एप्रिल लागला की आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर चढतो आणि मे महिन्यात पंचेचाळिसाला टेकतो. घरात एकच मोठा कूलर, तो समोरच्या खोलीच्या खिडकीत. कॉम्प्युटर तापू नये म्हणून तोही त्याच खोलीत, पण कूलरचा ओलावा थेट लागणार नाही अशा कोपऱ्यात. दुपारभर सगळं घर तिथंच पडलेलं असायचं. आजी दिवाणावर, आई खाली चटईवर, देवळीकडच्या शेतातून परतलेले मोठेबाबा भिंतीला टेकून आणि आम्ही भावंडं त्या एका खुर्चीसाठी भांडत. बाहेर जायची सोय नाही, इंटरनेट घरी नाही. त्या दुपारींत आमच्या पिढीनं एक काम मनापासून केलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावरची चित्रं बदलली.

काम लहान होतं, असं कोणाला वाटेल. मला तसं वाटत नाही. ती चित्रं बदलली नसती तर ते यंत्र आमच्या घरातल्या निम्म्या माणसांसाठी परकंच राहिलं असतं.

विंडोज ९८ मध्ये प्रत्येकाचं वेगळं खातं करता यायचं, पण ते कोणी करत नसे. घर एक, कॉम्प्युटर एक, डेस्कटॉप एक. त्यावर बाबांच्या पतसंस्थेचे हिशेब, ताईच्या कॉलेजच्या नोट्स, मोठेबाबांच्या कापसाच्या चुकाऱ्यांची एक्सेल शीट, आजीसाठी जमवलेली तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं आणि आमचे गेम, सगळं शेजारी-शेजारी. आणि सगळे फोल्डर पिवळे, एकसारखे. खाली नाव असायचं, पण ते इंग्रजीत. आजीला इंग्रजी वाचता येत नव्हतं. मोठेबाबांना यायचं, पण चष्मा लावून, एकेक अक्षर जुळवत.

मराठीत नाव द्यायचा प्रयत्न वर्ध्यातल्या किती घरांनी केला असेल! डिस्प्लेच्या खिडकीत ‘अपिअरन्स’ नावाचं पान होतं. तिथं यादीतून ‘आयकॉन’ निवडून अक्षराचा फॉन्ट बदलता यायचा. शिवाजी फॉन्ट निवडला की ‘भजन’ हा शब्द पडद्यावर खरोखर मराठीत उमटायचा आणि घरभर आनंद व्हायचा. पण त्याच क्षणी बाकीची सगळी इंग्रजी नावं निरर्थक देवनागरीत बदलून जायची, कारण तो फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच जागेवर मराठी आकार बसवायचा. ताईच्या नोट्स कुठल्या आणि रिसायकल बिन कुठला, कोणालाच कळेना. फॉन्ट परत जुना करावा लागायचा. अक्षरांचा रस्ता असा बंद झाल्यावर चित्रांचा उरला.

शॉर्टकटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, चेंज आयकॉन. हे तीन टप्पे आमच्या पिढीला पाढ्यांसारखे पाठ आहेत. मग एक आडवी पट्टी उघडायची. शेल३२.डीएलएल नावाच्या फाइलीत मायक्रोसॉफ्टनं ठेवलेली चित्रं त्या पट्टीत ओळीनं लावलेली असायची. पृथ्वीचा गोल, भिंग, चाव्या, प्रिंटर आणि सरकवत पुढे गेलं की एक हिरवंगार झाड. त्या झाडाचा विंडोजमध्ये नेमका कशाशी संबंध होता, हे आम्हाला कधी दिसलं नाही. ते जणू कोणीतरी न्यावं म्हणूनच तिथं उभं होतं. आजीनं पट्टी पाहिली आणि बोट ठेवलं, “हे झाड माह्यं. दुसऱ्या कोनाले द्याचं नाई.” भजनांचा शॉर्टकट त्या दिवसापासून झाड झाला. माउसवर तिचा हात थरथरायचा, डबल क्लिक जमायला वेळ लागला. पण शोधायला ती कधी चुकली नाही. सकाळी पूजा आटोपली की स्वतः येऊन झाडावर क्लिक करायची आणि खंजिरी वाजू लागायची.

यात नवल नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून आजीच्या पिढीनं चित्र पाहूनच मत दिलं होतं. बैलजोडी, झोपडी, दिवा अशी चिन्हं ओळखून आपलं माणूस निवडायची त्यांना सवय होती. न वाचताही नेमकं ओळखणं ही त्यांची जन्माची कमाई होती. कॉम्प्युटरवर ती कामी येते, हे मात्र घरातल्या पोट्ट्यांना आधी सुचलं.

दुसरी एक फाइल होती, मोरआयकॉन्स.डीएलएल. तिच्यात डॉसच्या काळातल्या प्रोग्रॅमची चित्रं होती. ते प्रोग्रॅम आमच्यापैकी कोणी पाहिलेसुद्धा नव्हते, चित्रं मात्र आवडीनं वापरली. बाबांच्या पतसंस्थेच्या हिशेबाला त्यातलंच एक लागलं होतं.

पण मोठेबाबांना हवं ते चित्र कुठल्याच फाइलीत नव्हतं. त्यांना कापसाचं बोंड हवं होतं. मग काढायचं ठरलं आणि खरी मजा तिथून सुरू झाली.

पेंट उघडायचं, चित्राची लांबी-रुंदी बत्तीस बाय बत्तीस ठिपके ठेवायची, आठपट मोठं करून जाळी दाखवायची. एक हजार चोवीस चौकोन आणि सोळा रंग. काढून झालं की बीएमपी म्हणून ठेवायचं आणि फाइलीच्या नावातलं बीएमपी पुसून तिथं आयसीओ लिहायचं. विंडोज ते निमूटपणे आयकॉन म्हणून घ्यायचं. पहिलं बोंड असं तयार झालं. डेस्कटॉपवर लावल्यावर मोठेबाबा जवळ आले, चष्मा वर केला. “हे बोंड व्हय? हा तं रुमाल दिसून राह्यला.” खरंच होतं ते. नाव बदललेल्या बीएमपीला पारदर्शक भाग नसतो, त्यामुळे चित्राभोवतीचा पांढरा चौकोन तसाच राहतो. पांढऱ्यावर पांढरा कापूस दिसणार कसा?

उत्तर दोघांकडून आलं. एक आईकडून. तिनं लग्नाआधी मॅटीच्या कापडावर फुलीचे टाके घालून मोर, कमळ, कुंड्या असं कितीतरी भरलं होतं. चौकोन मोजून चित्र उभं करायचं कसब तिच्या बोटांत होतं. तिनं पडदा पाहिला आणि म्हणाली, पांढऱ्याला काठ दे, राखाडी. एका बाजूनं गडद, दुसऱ्या बाजूनं फिका. आणि देठ तपकिरी नको, काळा घे, लांबून तोच दिसतो. तिनं सांगितलेलं सगळं बरोबर होतं. पुढे वाचनात आलं की ॲपलच्या पहिल्या मॅकिंटॉशचे आयकॉन काढणाऱ्या सुझन केअर यांनीही आधी आलेखाच्या वहीतच चौकोन भरून चित्रं काढली होती, आणि भरतकाम, मोझेक यांच्याशी त्या या कामाचं नातं सांगत आल्या आहेत. १९९० च्या विंडोज ३.० साठीही त्यांनी चित्रं केली, त्यात सॉलिटेअरचे पत्तेही होते. आजी दुपारी भजनं झाल्यावर त्याच पत्त्यांचा डाव मांडायची. केअर यांच्या वहीपासून आईच्या मॅटीपर्यंतचं अंतर मला आजही फार कमी वाटतं.

दुसरं उत्तर सीडीतून आलं. चिप मासिक आणि २००१ पासून त्याच्या जागी आलेलं डिजिट, यांच्याबरोबर सीडी मिळायची. मासिक महागडं, म्हणून ते एका घरी घेतलं जायचं आणि सीडी सगळ्या वर्गात फिरायची. त्यातच मायक्रोअँजेलो नावाचा आयकॉन काढायचा प्रोग्रॅम सापडला. तो महिनाभर फुकट चालायचा. त्यात पारदर्शक रंग होता. बोंडाभोवतीचा रुमाल गेला, हिरव्या बोंडातून पांढरा कापूस फुटलेला दिसला आणि मोठेबाबा पुढचे कित्येक दिवस घरी येणाऱ्या प्रत्येकाला कॉम्प्युटरसमोर नेऊन ते दाखवत होते. हमीभाव, गठाण, सरकी यावर बोलायला आलेली माणसं चहा पिता पिता बोंड पाहून जायची.

मग प्रत्येक घरानं आपापलं काढलं. सेवाग्रामची सहल आमच्या प्रत्येकाच्या शाळेनं नेलेली होती. बापू कुटीच्या भिंतीवर मीराबेननं मातीत उठवलेली झाडं आणि चरखा सगळ्यांनी पाहिलेला. इतक्या कमी रेषांत चरखा उभा करता येतो हे तिथं भिंतीवरच शिकायला मिळालं होतं, आम्हाला ते कळलं मात्र बत्तीस ठिपक्यांत चाक गोल करताना. ठिपक्यांत गोल नीट येत नाही, कोपरे राहतात, आणि ते राखाडी रंगानं बुजवावे लागतात. कुटीचं कौलारू छप्पर सोपं गेलं. दोन ठिपके आडवे, एक उभा, पुन्हा दोन आडवे, असा उतार धरला की रेघ स्वच्छ दिसते. ताईच्या नोट्सना कुटी लागली.

सिंदी रेल्वेच्या मामेभावानं नंदी काढला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा विदर्भात सगळीकडे असतो, पण सिंदीचा वेगळाच. तिथले लाकडी नंदी पाहायला लांबून माणसं येतात. त्याच्या गेमच्या फोल्डरवर झूल पांघरलेला, शिंगांना लाल गोंडे लावलेला नंदी होता, चाकांसकट. सोळा रंगांपैकी बहुतेक सगळे त्यानं झुलीवरच खर्च केले होते. आमच्या सगळ्यांच्या चित्रांत ते सर्वांत देखणं, यात मला आजही शंका नाही.

हे सगळं फ्लॉपीवरून फिरायचं. सोळा रंगांचा बत्तीस ठिपक्यांचा एक आयकॉन म्हणजे ७६६ बाइट. १.४४ एमबीच्या फ्लॉपीत असे हजारावर मावायला हवेत. पण फ्लॉपीच्या मुख्य यादीत २२४ नोंदींपलीकडे जागा नसते आणि लांब नावाची फाइल एकाहून जास्त नोंदी खाते. त्यामुळे जागा शिल्लक असूनही फ्लॉपी भरली असं यायचं. आत एक फोल्डर करून त्यात टाकलं की प्रश्न मिटायचा. हे कोणी पुस्तकातून शिकलं नव्हतं. हिंगणघाटचा मावसभाऊ शिकला, त्यानं पुलगावला सांगितलं, पुलगावकडून आर्वीला गेलं. दिवाळीत आणि लग्नांत भावंडं भेटली की खिशातून फ्लॉप्या निघायच्या.

भारनियमनाबद्दल बोलल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. कोराडीची आणि चंद्रपूरची वीज राज्याला उजेड देते आणि आमच्या गावांत मात्र तासन्‌तास अंधार, ही सल त्या वर्षांत विदर्भातल्या प्रत्येक घरात होती. गावात तर दिवसाचा मोठा भाग वीजच नसायची. डेस्कटॉपवर याचा एक परिणाम व्हायचा तो असा. विंडोज ९८ आयकॉनची मांडणी मनात धरून ठेवायचं आणि ती डिस्कवर लिहायचं बंद होताना. मधेच वीज गेली की दिवसभर केलेली मांडणी गेली. वीज आली, कॉम्प्युटर लावला की आधी निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्कची तपासणी, आणि नंतर आयकॉन आदल्या दिवशीच्या जागी. आजी उठून यायची आणि विचारायची, “माह्यं झाड कोनं हालवलं?” कोणीच हलवलेलं नसायचं. आम्ही झाड पुन्हा वरच्या डाव्या कोपऱ्यात नेऊन ठेवायचो आणि लगेच कॉम्प्युटर बंद करून चालू करायचो, जागा पक्की व्हावी म्हणून.

कधी चित्रंच बिघडायची. बोंडाच्या जागी काळा चौकोन, कुटीच्या जागी नोटपॅड. आयकॉनचा साठा एका लपवलेल्या फाइलीत असतो आणि ती खराब झाली की असं होतं. विंडोजच्या सीडीवरच्या ट्वीकयूआयमध्ये ‘रीबिल्ड आयकॉन्स’ असा उपाय होता. ज्या पोराला हा उपाय ठाऊक, त्याला बजाज चौकापासून आर्वी नाक्यापर्यंत ओळखीच्या घरांतून बोलावणं यायचं, आणि पोहे खाल्ल्याशिवाय कोणी परत पाठवायचं नाही.

तयार थीमही होत्या. डेंजरस क्रीचर्स लावली की आवाजासकट सगळं जंगल यायचं. लावली, पाहिली, काढली. बोरच्या अभयारण्याच्या इतक्या जवळ राहणाऱ्यांना त्याचं अप्रूप चार दिवसच.

मग एक्सपी आलं. जगात ते ऑक्टोबर २००१ मध्ये आलं, वर्ध्याच्या घरांत दोन-तीन वर्षांनी. चित्रं अठ्ठेचाळीस ठिपक्यांची झाली, कडा मऊ झाल्या, सावल्या आल्या. आमची सोळा रंगांची बोंडं त्यांच्या शेजारी खडबडीत दिसू लागली. सीडी घालून एक खूण केली की फोल्डरचं नाव थेट मराठीत लिहिता यायला लागलं, मंगल फॉन्टमध्ये, इंग्रजी नावं न बिघडवता. आम्ही आजीच्या फोल्डरखाली ‘भजन’ लिहिलं. तिनं वाचलं, मान डोलावली आणि क्लिक झाडावरच केलं.

एक्सपीनं आणखी एक गोष्ट आणली, प्रत्येकाचं वेगळं खातं. सुरू होताना स्वागताचा पडदा आणि त्यावर प्रत्येकाचं चित्र. कोणाचं बदक, कोणाची गिटार, कोणाचा फुटबॉल. प्रत्येकाला आपला डेस्कटॉप मिळाला. ताईच्या पडद्यावर आता फक्त ताईचं. बाबांच्या पडद्यावर फक्त पतसंस्था. सोय झाली, भांडणं कमी झाली, आणि तरी मला त्या बदलाचं वाईट वाटतं. आधी कॉम्प्युटर लावला की सगळं घर एकाच वेळी समोर दिसायचं. झाड, बोंड, कुटी, नंदी, हिशेब. आई येता-जाता पाहून म्हणायची, बोंडाची शीट कालपासून उघडलेली दिसत नाही, चुकारा आला नाही का? खाती वेगळी झाल्यावर ती हे विचारू शकली नाही.

आईनं त्याच सुमारास एमएससीआयटी केली. महाराष्ट्रात सरकारी नोकरीच्या निमित्तानं कितीतरी बायांनी त्या वर्षांत पहिल्यांदा माउस धरला. वर्गातल्या कॉम्प्युटरवर सगळं मूळचंच होतं, कोणाचंच काही नव्हतं. पण राइट क्लिक करून प्रॉपर्टीज पाहायची सवय तिला घरूनच होती आणि शेजारच्या बाकावरच्या दोघीतिघींना तिनं ती लावली.

२००६-०७ नंतर पेन ड्राइव्हचे व्हायरस आले. त्यांतली एक जात फार लबाड होती. खरा फोल्डर लपवायची आणि त्याच नावाचा प्रोग्रॅम त्याच्या जागी ठेवायची, पिवळ्या फोल्डरचंच चित्र लावून. क्लिक केलं की लागण. वर्ध्यातल्या झेरॉक्सच्या दुकानांपासून कॉलेजच्या लॅबपर्यंत सगळीकडे हा प्रकार पसरला होता. पुण्याच्या काटकर बंधूंचं क्विक हील त्या वर्षांत घराघरात गेलं त्याला हेही कारण होतं. पण आमच्या घरात एक पहारा आधीच होता. डेस्कटॉप डॉट इनी ही छोटीशी लपवलेली फाइल फोल्डरमध्ये असली की फोल्डरचं चित्रही बदलतं, आणि आम्ही पेन ड्राइव्हवरच्या फोल्डरांनाही आपापली चित्रं लावली होती. सायबर कॅफेतून आल्यावर कुटी पिवळी दिसली की ताई ओरडायची, हात लावू नका, हा आपला नाही! आपण काढलेलं चित्र व्हायरसला माहीत नसतं. तो फक्त पिवळा फोल्डर होऊ शकतो.

पुढचं सांगायला फार नाही. आमच्यातले काही इंजिनीअरिंगला गेले, कोणी सेवाग्रामला, कोणी नागपूरला. होस्टेलवर फ्लायकाइट आणि व्हिस्टा इन्स्पिरॅट लावून साध्या एक्सपीला मॅकचं किंवा व्हिस्टाचं रूप द्यायची लाट आली. रिसोर्स हॅकरनं थेट शेल३२ उघडून आतली चित्रं बदलायची, आणि विंडोज मूळ फाइल गुपचूप परत आणून ठेवतं म्हणून डीएलएलकॅशमधली प्रतही बदलायची, इथपर्यंत मजल गेली. कौशल्य मोठं होतं. पण ती चित्रं कोणा एका माणसासाठी नव्हती, म्हणून ती मला फारशी आठवत नाहीत. काही वर्षांत फोन आले आणि समोरच्या खोलीतला कॉम्प्युटर आधी कोपऱ्यात, मग माळ्यावर गेला.

यंदाच्या मे महिन्यात ताईची मुलगी तिचा लॅपटॉप घेऊन आली होती, विंडोज ११ चा. तिचे सगळे फोल्डर पिवळे. म्हटलं, प्रॉपर्टीज उघड, कस्टमाइज, चेंज आयकॉन. आडवी पट्टी उघडली. शेल३२ तशीच आहे, झाडही आहे. पत्ता लिहिला तर मोरआयकॉन्सही उघडते, डॉसच्या चित्रांसकट. तिनं झाड पाहिलं आणि विचारलं, हे आजीचं ना, मग मी कसं घेऊ? तिला ताईनं पेंट उघडून दिलं. बत्तीस बाय बत्तीस आता फारच लहान पडतं, म्हणून दोनशे छप्पन्न घेतलं. ती मांजर काढते आहे. मिशा जमत नाहीत म्हणून तिनं आईला, म्हणजे तिच्या आजीला, स्वयंपाकघरातून बोलावलं आहे.